डेव्ह आपल्या क्लासमध्ये आला, पण लेख मागंच राहिला

(कानात घालून ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथं वाचा. बोलताना आलेले 'म्हणजे म्हणजे' काढलेत, बाकी बोललोय तसंच ठेवलंय. मधे एकदा एसटीचा हॉर्न वाजतो, तो ऑडिओतनं काढता आला नाही. माफी असावी.)

परंड्यातनं बोलतोय. मागच्या आठवड्यात एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. अकरावीला आहे, आपल्याच तालुक्यातला. म्हणतो, "दादा, मला गेम बनवायचाय. पण घरी कॉम्प्युटर नाही, फोन आहे. गेम बनवायला किती लाखाचा कॉम्प्युटर लागतो तेवढं सांगा, म्हणजे पप्पांना विचारायचं का नाही ते ठरवतो."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मला डेव्ह आठवला.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, कोण डेव्ह? तुमच्या मोठ्या भावाला, चुलत्याला, मामाला विचारा. २००० च्या आसपास ज्यानं ज्यानं कॉम्प्युटर क्लासला पाय ठेवला, त्याला डेव्ह माहीत आहे. लाल टोपीवाला छोटा गडी. विटांवरनं उड्या मारत जायचं, हिरे-मुकुट गोळा करायचे, सोन्याचा कप घ्यायचा आणि दारातनं बाहेर पडायचं. कप घेतला की खाली इंग्रजीत अक्षरं यायची, 'गो थ्रू द डोअर'. आमच्या निम्म्या पोरांचं इंग्रजी तिथनं सुरू झालं. पूर्ण नाव 'डेंजरस डेव्ह', पण आमच्यासाठी तो नुसता डेव्ह.

आज या गेमची गोष्ट सांगतो. तो कुणी केला, कशासाठी केला, त्यातनं पुढं काय घडलं. आणि आपल्याकडं येता येता त्याचा एक तुकडा कसा मागं राहिला, ते पण. माझ्या मते गोष्टीतला खरा भाग तोच आहे.

आधी आमचा क्लास डोळ्यासमोर आणा. साल २००३. एमएस-सीआयटी सुरू होऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळं तालुक्याच्या गावात सुद्धा कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागलेल्या. आमचा क्लास म्हणजे दोन गाळ्यांची एक खोली. चपला बाहेर काढायच्या. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचे झगे घातलेले. एका मशीनवर दोन पोरं. सर पुढं वर्ड शिकवायचे आणि मागच्या रांगेत डेव्ह चालू असायचा.

पकडलं जायचं कशामुळं, तर आवाजामुळं. डेव्हचा आवाज स्पीकरमधनं यायचा नाही. डबड्याच्या आत मदरबोर्डला जोडलेला एक बारका भोंगा असतो, त्यातनं यायचा. टुक टुक टुक. स्पीकरची वायर काढली तरी तो बंद व्हायचा नाही. सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणायचे, "कोण उड्या मारायलाय रं?" मग गेम डिलीट व्हायचा. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत फ्लॉपीतनं टाकायचा. ती फ्लॉपी बार्शीहून आली होती म्हणे. बार्शीला कुठून आली, देव जाणे.

त्यात भारनियमन. डेव्हमध्ये सेव्ह नाही. एकूण दहा लेव्हल, आणि आठव्या लेव्हलला लाईट गेली की परत एकपासून. त्या वेळी पोरांनी वीज मंडळाला ज्या शिव्या घातल्यात, त्या इथं लिहिता येत नाहीत.

पण हा गेम मुळात विकण्यासाठी केलेलाच नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

सन १९८८. जॉन रोमेरो नावाचा अमेरिकेतला विशीतला पोरगा. त्याच्याकडं ॲपल टू नावाचा कॉम्प्युटर होता. त्या काळात तिकडं डिस्कवरची मासिकं निघायची. म्हणजे कागदाचं मासिक नाही, पोस्टानं फ्लॉपी यायची आणि तिच्यावर प्रोग्रॅम, लेख, छोटे गेम असायचे. अशाच एका मासिकाचं नाव 'अपटाइम'. रोमेरोनं बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेला जोडायची एक पुरवणी लिहिली होती, ग्राबेसिक नावाची. चित्रं हलवायला, गेम करायला सोपं जावं म्हणून. ती कशी वापरायची हे सांगणारा लेख त्यानं 'अपटाइम'ला दिला, आणि लेखाबरोबर नमुना म्हणून एक गेम दिला. तो नमुना म्हणजे डेव्ह.

हे जरा थांबून ऐका. डेव्ह हे एका लेखातलं उदाहरण होतं. गणिताच्या पुस्तकात सोडवून दाखवलेलं उदाहरण असतं ना, 'आता याप्रमाणे पुढील सोडवा' म्हणून, तसं.

कल्पना कुठून आली, तर सरळ मारिओवरनं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात आला, निन्टेंडो कंपनीचा. त्याच्यानंतर दुनियेतल्या प्रत्येक गेम करणाऱ्याला उड्या मारणारा एक गडी पाहिजे होता. रोमेरोला मारिओ भलताच आवडायचा. त्यानं आपला मारिओ केला. खरं सांगायचं तर डेव्ह मारिओपेक्षा बराच कच्चा आहे. मारिओत बटण जास्त वेळ दाबलं की उडी उंच जाते, पटकन सोडलं की छोटी. डेव्हची उडी ठरलेली, एकदा मारली की मारली. तरी आम्हाला तो आवडायचा, कारण आमच्याकडं तोच होता. ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता ते मारिओवाले. आम्ही क्लासवाले, म्हणजे डेव्हवाले.

पुढं रोमेरो लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट या गावी सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत लागला. ही पण डिस्कवरची मासिकं काढणारीच कंपनी. तिथं त्यानं डेव्ह पीसीसाठी केला, १९९० मध्ये. आपल्या क्लासमधला डेव्ह म्हणजे ही पीसीवाली आवृत्ती.

आता एक गोष्ट आठवा. डेव्ह खेळलेल्यांना लगेच आठवेल, बाकीच्यांनी यूट्यूबवर बघा. डेव्ह पडद्याच्या कडेला गेला की सगळं थांबायचं. मग चित्र खर्रकन बाजूला सरकायचं आणि पुढचा भाग दिसायचा. मग परत खेळ चालू. मारिओत असं होत नाही. मारिओ चालतो तसं मागचं जग त्याच्याबरोबर मऊ सरकत राहतं, एसटीच्या खिडकीतनं शेतं सरकावीत तसं. आम्हाला वाटायचं, आमचं मशीन जुनं म्हणून असं होतंय. तसं नव्हतं. त्या काळातल्या पीसीला ते जमतच नव्हतं.

का जमत नव्हतं, ते सांगतो. निन्टेंडोचं यंत्र गेमसाठीच बनवलेलं. त्याच्यात चित्र सरकवायचं काम करणारी चिपच वेगळी. तिला फक्त सांगायचं, 'तीन ठिपके सरक,' की ती सरकते. पीसी बनलाय ऑफिसच्या हिशोबासाठी. त्याच्या पडद्यावर रुंदीला ३२० आणि उंचीला २०० ठिपके, म्हणजे ६४,००० ठिपके. जग एक ठिपका सरकवायचं म्हणजे हे सगळे परत रंगवायचे, आणि तेही सेकंदाला पंधरावीस वेळा तरी, नाहीतर डोळ्याला झटके जाणवतात. त्या वेळच्या प्रोसेसरला एवढा दम नव्हता. म्हणून रोमेरोनं डेव्हमध्ये तडजोड केली. सारखं सरकवायचं नाही, कडेला आला की एकदाच मोठी उडी घ्यायची.

सॉफ्टडिस्कमध्येच दुसरा एक जण होता, जॉन कार्मॅक. वय वीस. बोलायला कमी, पण डोकं असलं की विचारू नका. त्याला ही अडचण खात होती. त्यानं जी युक्ती काढली, ती समजून घ्यायला परंड्याच्या माणसाला कॉम्प्युटर लागत नाही. आपला किल्ला पुरे.

किल्ल्याच्या बाहेर खंदकाच्या काठाला उभं राहा, तटबंदीकडं तोंड करून. समोर दगडच दगड. आता एका दगडाएवढं उजवीकडं सरका. काय बदललं? जवळजवळ काहीच नाही. जिथं आधी दगड दिसत होता तिथं आताही दगडच दिसतोय. बदल दिसतो फक्त बुरुजाच्या कडेला, जिथं भिंत संपून आभाळ सुरू होतं, किंवा एखाद्या झरोक्याशी.

गेमचं जग असंच असतं. ते सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चौकोनांचं बनलेलं असतं. त्याला टाइल म्हणतात, आपल्या फरशीसारखं. आभाळाशेजारी आभाळ, विटेशेजारी वीट. म्हणजे चित्र एक टाइल सरकलं तरी बहुतेक ठिकाणी आधी जे होतं तेच परत यायचंय. मग ते परत कशाला रंगवायचं? कार्मॅकनं मशीनला सांगितलं, जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघ, जिथं फरक आहे तेवढेच चौकोन रंगव. आणि एका टाइलच्या आतलं बारीक सरकणं त्यानं ग्राफिक्स कार्डावर सोपवलं. कार्डाच्या मेमरीत पडद्यापेक्षा थोडं मोठं चित्र मावायचं. तेव्हा चित्र तिथंच ठेवायचं आणि बघायची खिडकी हळूच हलवायची. खिडकी कडेला टेकली की टाइल बदलायची, खिडकी परत जागेवर.

म्हणजे काम निम्मं नाही, कितीतरी कमी झालं. मशीन तेच राहिलं.

सप्टेंबर १९९० मधली रात्र. कार्मॅकनं हे सरकणं टॉम हॉल नावाच्या सहकाऱ्याला दाखवलं. हॉल पण मारिओवेडा. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' त्याच वर्षी अमेरिकेत आलेला. दोघांनी ठरवलं, आत्ताच्या आत्ता त्याची पहिली लेव्हल पीसीवर करायची. हॉल शेजारी टीव्हीवर मारिओ लावून बसला. थोडं खेळायचं, थांबवायचं, बघून बघून एकेक टाइल पीसीवर काढायची. परत थोडं पुढं. कार्मॅक कोड लिहितोय. पहाटेपर्यंत लेव्हल उभी राहिली. मारिओचं चित्र करायला वेळ नव्हता, म्हणून त्याच्या जागी काय टाकलं? डेव्ह. रोमेरोचा डेव्ह. आणि नाव दिलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. सरळ मराठीत, 'डेव्हची नक्कलचोरी'. चोरी करून वर पाटी लावली, की ही चोरी आहे. मला तर हे नाव लई आवडतं.

फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दोघं झोपायला गेले. सकाळी रोमेरो आला, फ्लॉपी घातली, बाण दाबला. आणि त्याचा तो खर्रकन थांबणारा डेव्ह मारिओच्या जगात मऊ चालायला लागला. त्यानं स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलंय, की त्या क्षणी त्याला कळलं, आता या नोकरीत राहायचं नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी मिळेल. त्यांनी मारिओ ३ चा पूर्ण नमुना करून निन्टेंडोला पाठवला. निन्टेंडोनं कौतुक केलं, पण पीसीवर त्यांना यायचंच नव्हतं. मग स्कॉट मिलर नावाच्या माणसाशी गाठ पडली. याची गंमत अशी, की त्यानं रोमेरोला वेगवेगळ्या नावांनी चाहत्यांची पत्रं लिहिली होती. रोमेरो खूष, भिंतीवर चिकटवतोय. एक दिवस बघतो तर सगळ्यांचा पत्ता एकच. सॉफ्टडिस्कचे लोक पत्रं उघडतील म्हणून मिलरनं ही शक्कल लढवली होती. त्याच्यासाठी त्यांनी 'कमांडर कीन' केला, डिसेंबर १९९० मध्ये. पहिला भाग फुकट, कितीही कॉप्या करून वाटा, आवडला तर पुढचे दोन भाग पैसे देऊन घ्या. दिवसा नोकरी, रात्री हे काम, आणि शनिवार-रविवारी ऑफिसातले कॉम्प्युटर गाडीत घालून घरी. कंपनीला कळलं तेव्हा भांडण झालं. शेवटी मिटलं कसं, तर नोकरी सोडल्यावर पण काही काळ सॉफ्टडिस्कला गेम करून द्यायचे. १९९१ चा 'डेंजरस डेव्ह इन द हाँटेड मॅन्शन' त्यातलाच. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांची स्वतःची कंपनी झाली, इड सॉफ्टवेअर. १९९२ ला 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी', १९९३ ला 'डूम'. आज तुम्ही फोनवर बंदूक घेऊन पळता ते सगळे गेम फिरून फिरून 'डूम'पाशी जातात.

म्हणजे मंडळी, आमच्या मागच्या रांगेतला तो टुकटुक करणारा गडी 'डूम'च्या घराण्यातला मूळपुरुष होता. आणि आम्ही त्याच्यावरनं मार खात होतो.

आणि ती टाइलची युक्ती कुठं संपली नाही. तुम्ही इन्स्टावर अंगठ्यानं वर ढकलता ना, तिथं फोन हजार पोस्टी एकदम तयार करून ठेवत नाही. वर गेलेल्या पोस्टीची चौकट उचलतो आणि खालून येणारी नवी पोस्ट तिच्यात भरतो. कोड वेगळा, माणसं वेगळी. पण विचार त्याच जातीचा, नको ते काम करू नको.

आता मागं राहिलेल्या तुकड्याकडं येतो.

आमच्या क्लासमध्ये माझा एक मित्र होता. नाव सांगू नको म्हणालाय, म्हणून त्याला गड्या म्हणतो. गड्याचा डेव्ह दोन महिन्यांत संपला. दहाच्या दहा लेव्हल. मग त्याला चैन पडेना. त्यानं गणिताची चौकटीची वही घेतली आणि अकरावी लेव्हल काढायला लागला. पेन्सिलनं विटा, लाल पेनानं आग, निळ्यानं पाणी. पडद्यावर आडव्या विटा किती बसतात ते त्यानं बोट लावून मोजलं होतं. वीस. उभ्या दहा. प्रत्येक पानावर वीस बाय दहाचा चौकोन आखून तो पानाला पान जोडत गेला. त्याची अकरावी लेव्हल किल्ल्यात होती. खंदकातनं सुरुवात, मग तोफ, मग बुरूज, आणि दार एकदम वर, झेंड्याच्या काठीशेजारी.

एक दिवस वही घेऊन तो सरांकडं गेला. "सर, हे आत कसं टाकायचं?"

सर चांगले होते. त्यांनी वही पूर्ण बघितली. मग म्हणाले, "मला पण येत नाही रे." खरं बोलले. मग गड्यानं स्वतःच डेव्हची फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघितली. आत नुसते चौकोन, काळे ठिपके, चित्रविचित्र अक्षरं. तो म्हणाला, "हे देवाच्या भाषेत लिवलंय." आणि वही बंद केली.

आता मी तुम्हाला सांगतो आत काय होतं. पीसीवरच्या डेव्हची एक लेव्हल म्हणजे आडवे १०० आणि उभे १० चौकोन. एकूण हजार. प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा. समजा शून्य म्हणजे मोकळी जागा, एक म्हणजे वीट, दोन म्हणजे आग, तीन म्हणजे दार. ओळीनं हजार आकडे लिहिले की झाली लेव्हल. पडद्यावर एका वेळी दिसतात वीस बाय दहा.

वीस बाय दहा. गड्यानं बोटानं मोजलं होतं तेच. त्याची वही ही डेव्हच्या आतल्या रचनेतच होती. चित्राच्या जागी आकडे लिहायचे, एवढी एकच पायरी बाकी होती. ती सांगायला कुणी नव्हतं. डेव्हचा जन्म झाला तोच मुळी 'गेम कसा करायचा' हे सांगणाऱ्या लेखाला जोडून. आपल्याकडं डेव्ह आला, लेख आला नाही.

लोक विचारतात, ते सगळं पायरेटेड होतं, चोरी नव्हती का? होती. परंड्यात काय, बार्शीत पण हा गेम कुठं विकत मिळत नव्हता, तरी चोरी ती चोरीच. पण कार्मॅक आणि हॉलनं त्या रात्री केली ती पण नक्कलच, आणि त्यांनी तर मारिओची टाइलन् टाइल उचलली. फरक कुठं पडला ते बघा. त्यांनी गेम उघडून, बघून, स्वतःच्या हातानं परत बांधला. आम्ही बंद डबा एका फ्लॉपीतनं दुसऱ्या फ्लॉपीत टाकला. त्यांची नक्कल म्हणजे अभ्यास झाला, आमची नुसती वाटणी. आमच्या पोरांचं डोकं कमी नव्हतं, गड्याची वही मी डोळ्यांनी बघितलीय.

मागच्या रविवारी त्याच्याकडं गेलो. त्याचं आता मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळक्या मोटारी दुरुस्तीला येतात. वही आहे का म्हटलं, तर कधीच रद्दीत गेली म्हणाला. मग मी त्याला हा सगळा किस्सा सांगितला, लेखाचा, हजार आकड्यांचा, वीस बाय दहाचा. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे शून्य-एक लिवायचं हुतं व्हय नुसतं." आणि बिलबुकाची मागची बाजू घेऊन चौकोन आखायला लागला. गिऱ्हाईक ताटकळत उभं.

आम्ही दोघांनी मिळून त्याच्या अकराव्या लेव्हलचा पहिला पडदा केला. फोनवर. गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि अँड्रॉइडवर त्याचा पूर्ण एडिटर चालतो. अकरावीवाल्या भावा, हे तुझं उत्तर. लाख लागत नाहीत. १९९० च्या पीसीला साधारण ६४० केबी मेमरी कामाला मिळायची. तुझ्या फोनला चार जीबी असली तरी ती साडेसहा हजार पट झाली. पण खोटं सांगत नाही, फोनच्या कीबोर्डवर कोड लिहिणं म्हणजे बोटांचे हाल आहेत. कंस कुठं गेला ते दिसत नाही. जमलं तर जुना वापरलेला कॉम्प्युटर बघ, नाहीतर ओटीजीनं कीबोर्ड जोड. पप्पांकडं मागायचंच असेल तर तेवढं माग.

आणि मोठ्या गेमचं म्हणशील तर आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या टोळीनं 'राजी' केला, २०२० मध्ये. भारतातल्या पुराणकथांवरचा, उड्या आणि लढाया दोन्ही असलेला. आधी लोकांकडनं ऑनलाइन पैसे जमवायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी गेम पूर्ण झाला, आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं.

आमचं म्हणाल तर पहिल्या दिवशी आमचा गडी विटेवर उभाच राहीना. सोडला की विटेतनं आरपार खाली, खंदकाच्या पण खाली, कुठं गेला पत्ता नाही. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं, विटेचं चित्र काढलंय, पण वीट टणक आहे हे मशीनला सांगितलंच नाही. ते वेगळं सांगावं लागतं. तिसऱ्या संध्याकाळी तो उभा राहिला. गड्यानं बटण दाबलं, त्यानं उडी मारली. तोफेला डोकं आपटून खाली आला. गड्या म्हणाला, "तोफ एक घर वर घ्यायला पायजे."

पुढच्या भागात ही 'टणक वीट' कशी करायची तेच दाखवतो, पायरी पायरीनं, मराठीत, फोनवरच. तोपर्यंत चौकटीची वही घ्या, वीस बाय दहाचा चौकोन आखा, त्यात तुमच्या गावातली एखादी जागा बसवा. देऊळ, पाण्याची टाकी, एसटी स्टँड, काही पण. मोकळ्या जागेत शून्य, भिंतीला एक, दाराला तीन. फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाका. गड्या म्हणालाय, सगळे मी बघणार, आणि दारापर्यंत पोचताच येत नाही असली लेव्हल कुणी काढली तर नापास.